साहेबाची शेगडी

आबा काम करताना मान वर करत नसत. नुसता उजवा हात मागे पसरत आणि म्हणत, "पाना." त्या हातावर नेमका हवा तो पाना ठेवायचा, हे लहानपणापासून माझं काम. सायकलची चेन असो, विहिरीचा रहाट असो की काकांच्या होडीची सुटलेली फळी, आबा पुढे आणि मी त्यांच्या पाठीशी उकिडवा. आमच्यात बोलणं असं फार होत नसे. पण तो हात मागे आला की मला वाटायचं, या घरात माझी जागा आहे आणि ती इथे आहे. सुमनताईच्या लग्नानंतर काही काळाने काशिनाथ भावोजी आमच्याकडे राहायला आले आणि थोड्याच दिवसांत आबांचा हात मागे यायचा बंद झाला. तो शेजारी जाऊ लागला. शेजारी भावोजी बसलेले असत.

आम्ही बोनकोड्याचे. आता तिथे इमारतींच्या मधून गाव शोधावं लागतं, पण तेव्हा आमच्या ओट्यावर बसलं की खाडीचा वारा थेट तोंडावर यायचा आणि ओठ चाटले तर खारट लागायचे. त्या वाऱ्यापुढे लोखंड टिकत नसे. बिजागऱ्या, खिळे, बादलीची कडी, सगळं वर्षभरात पोपडे धरायचं. म्हणून आमच्या अंगणात डांबराचं एक पिंप कायम असे. काकांच्या होडीला खालून लावायला आणलेलं डांबर उरलं की ते कुंपणाच्या खांबांना, रहाटाला, कोंबड्यांच्या खुराड्याला, जे हाताला लागेल त्याला फासलं जायचं. बाहेरून आलेला माणूस आमच्या दारात नाक मुरडायचा. आम्हाला वास कसला तो कळायचाच नाही. आमच्या लेखी तो घराचाच वास होता. त्यात आईच्या लाल मसाल्याचा खकाणा, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आणि ओहोटीच्या चिखलाचा वास मिसळलेला. आज मी सीवूड्सला चौथ्या मजल्यावर राहतो. खिडक्या बंद असतात. पण रस्त्याचं काम चाललेलं असलं की मी बायकोला न सांगता गॅलरीत जाऊन उभा राहतो.

नव्या शहरासाठी जमीन गेल्यावर आबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात फिटरच्या हाताखाली लागले होते. कारखान्याच्या पाहुण्यांच्या बंगल्यात पूर्वी एक परदेशी इंजिनीअर राहून गेला होता. त्याने आपल्या देशातून गॅसवर चालणारी मोठी शेगडी आणली होती, जाळीवर मांस-मच्छी भाजायची. चार पायांवर उभी, बिडाची लांबट पेटी, वर कमानीसारखं झाकण. साहेब गेला आणि शेगडी बंगल्यामागे पावसात पडून राहिली. पुढे कधीतरी भंगार निघालं तेव्हा रिकाम्या पिंपांबरोबर तीही आबांनी घेतली. हातगाडीवरून ती अंगणात उतरली तेव्हा तिचा एक पाय गुडघ्यातून गेलेला होता. आत तीन लांब बर्नर होते, त्यांची भोकं गंजाने बुजलेली. जाळीच्या सळ्या बोटाने मोडत होत्या. झाकणाखालून एक घूस पळाली.

"मेल्या साहेबानं काय काय भाजला असंल हिच्यावर," आई दारातूनच म्हणाली. "माज्या चुलीजवल आनू नका."

"चुलीजवल कोन आनतो? हितंच ऱ्हाईल," आबा म्हणाले. मग शेगडीभोवती एक फेरी मारून त्यांनी हाक मारली, "कासिनाथ, बघ रं जरा. उभी ऱ्हाईल का?"

मी ओट्यावरच होतो. कॉलेजचं पहिलं वर्ष, हातात पुस्तक. हाक मला नव्हती.

भावोजी कराव्याचे. हात वेल्डरचा, पण ज्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कामाला होते ती बंद पडली आणि करावं गाव सोडून ते ताईला घेऊन आमच्याकडे आले, "थोडे दिवस" म्हणून. सासऱ्याच्या घरी राहणाऱ्या जावयाला गावात काय म्हणतात ते मी सांगायला नको. पाणवठ्यावरच्या बायका मुद्दाम मोठ्याने विचारायच्या, "सुमन, जावय अजून हाय का?" भावोजी ते ऐकूनही शीळ घालत जायचे. जेवायला मात्र ते सगळ्यांच्या शेवटी बसत आणि दुसऱ्यांदा वाढून घेत नसत, हे मी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि तरी मला त्यांची कीव आली नाही. मला त्यांची शीळ सहन व्हायची नाही. आबा त्या शिळेवर मान डोलवत.

भावोजींच्या मनात एक गोष्ट होती आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. महाप्याकडे नवे कारखाने उभे राहत होते आणि तिथल्या एका कँटीनचे ठेकेदार मोरे भावोजींच्या ओळखीचे होते. फाटकाजवळ भाजलेल्या मच्छीची आणि तांदळाच्या भाकरीची टपरी लावायला जागा देतो, पण आधी चव दाखव, असं मोऱ्यांनी सांगितलं होतं. टपरी लागली की भावोजी खोली घेणार आणि ताईला घेऊन वेगळे राहणार. म्हणजे शेगडी जितक्या लवकर पेटली असती तितक्या लवकर ते आमच्या घरातून गेले असते. हे साधं गणित मला तेव्हा का सुचलं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मत्सर माणसाला गणित करू देत नाही. मला एवढंच दिसत होतं की रोज संध्याकाळी आबा कामावरून येतात, चहा उभ्यानेच पितात आणि भावोजींच्या शेजारी जाऊन बसतात.

आणि काम खरोखर सुंदर चाललं होतं. ते मला कबूल करावं लागे, आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा. नळ्यांचे आटे जाम झाले होते. ते दोघांनी रॉकेलमध्ये भिजत ठेवले आणि एकेक असा सोडवला की जणू धान्यातले खडे निवडतायत. कुजलेले पाय भावोजींनी कापून काढले आणि तुर्भ्याच्या एका ओळखीच्या शेडमध्ये नेऊन नव्या अँगलचे पाय जोडून आणले. जोड कुठे आहे ते बोट फिरवून कळत नव्हतं. आबा पुनःपुन्हा बोट फिरवत आणि म्हणत, "वा." मला त्यांनी दहावीच्या निकालालाही "वा" म्हटलं नव्हतं. बर्नर मात्र वाचण्यासारखे नव्हतेच. त्यांच्या जागी हॉटेलच्या भट्टीला लागतात तसले बिडाचे बर्नर आणले आणि ते बसावेत म्हणून पेटीत आडव्या पट्ट्या मारल्या. साहेबाच्या शेगडीत आचेवर दगड पसरलेले असत, म्हणजे आच सगळीकडे सारखी लागते. ते दगड कधीच हरवले होते. आबांनी बॉयलरची दुरुस्ती निघाली तेव्हा टाकून दिलेल्या भट्टीच्या विटांचे तुकडे पिशवीतून आणले. भावोजींनी ते हातोडीने सुपारीएवढे फोडले. तेल गळायला खाली ट्रे हवा, तो डालड्याच्या डब्याचा पत्रा उलगडून केला. त्यावरचं नारळाचं झाड बरेच दिवस दिसत राहिलं.

मी मध्येच जाऊन उभा राहायचो. "मी काय करू?"

"मेवनं, तुमी अभ्यास करा," भावोजी हसून म्हणायचे. "तुमच्या हाताला गंज लागला तर मास्तर मना बोलतील."

आबाही हसायचे. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. आबांना खरंच वाटत होतं की मुलगा शिकतोय, त्याचे हात स्वच्छ राहावेत. मी शिकावं म्हणून ते कारखान्यात ढोरासारखे राबत होते. पण मला त्या पुस्तकाने माझी जागा घालवली असं वाटायचं. रात्री जेवताना ते दोघे जेटबद्दल, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीबद्दल, बोलायचे. साहेबाची जेटं परदेशी गॅससाठी केलेली, त्यांची भोकं आपल्या सिलिंडरला मोठी पडत होती, ज्योत पिवळी आणि भडक यायची, काजळी धरायची. मी भाताचे घास मोजल्यासारखे गिळायचो. ताई एकदा म्हणाली, "तुजं तोंड असं का? कोलंबी खारट झाली का?" मी म्हटलं, "हो." ती बिचारी दुसऱ्या दिवशी अळणी करून बसली.

मग तो दिवस आला. भावोजी बारीक जेटं आणायला ठाण्याला गेले होते, आबा कामावर. शेगडी अंगणात उभी होती, घासून पुसून उघडी पडलेली, नव्या अँगलवर दोन दिवसांतच तांबूस झाक आलेली. मी तिच्याकडे बघत बसलो आणि मला वाटलं, हिला गंजापासून वाचवणारा मीच असणार. दोघांनी इतकं केलं आणि एवढी साधी गोष्ट विसरले. मी पिंपातलं डांबर डब्यात घेतलं, उन्हात पातळ केलं, आणि होडीला लावायच्या कुंचल्याने पाय, पट्ट्या, पेटीची बाहेरची बाजू, पेटीचा तळ, झाकणाच्या कडा, एक तसूही न सोडता, सगळ्याला दोन हात दिले. कपाळावरून घाम गळत होता. किती दिवसांनी मला मनापासून बरं वाटलं. दुपारपर्यंत शेगडी अशी काळीभोर चमकायला लागली की शेजारची मुलं त्यात तोंड बघून गेली.

संध्याकाळी आबा आले. थांबले. एक फेरी मारली.

"कोनी केला?"

"मी."

"आता काय करल खाडीचा वारा?" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चांगला केलास, बाला."

ती थाप मला आजही पाठीवर दाखवता येईल. थोड्या वेळाने भावोजी परतले. त्यांनी शेगडी पाहिली, काही बोलायला तोंड उघडलं, मग आबांच्या आनंदी चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चकचकीत दिसते." एवढंच. त्या अंगणात आम्ही सगळे डांबरातच वाढलेले. कराव्यालाही होड्या होत्याच. आगीजवळ डांबर, हे आमच्यापैकी ज्याच्या लक्षात यायला हवं होतं त्याच्या नाकाला त्याचा वास येतच नव्हता.

रविवारी दुपारी मोरे आले. आईचा विरोध तोवर मावळला होता. तिने चिंच-राखेने नवी जाळी तीनदा घासली, शेगडीला हळद-कुंकू लावलं आणि खाडीतला जिताडा मासा स्वतः साफ केला. लाल मसाला, आलं-लसूण आणि चिंचेचा कोळ चोळून तिने तो केळीच्या पानात गुंडाळला. बारीक जेटं त्याच सकाळी बसली होती, पेटवून पाहणं राहिलंच होतं. भावोजींनी आधी साबणाचा फेस लावून सगळे जोड तपासले, एकही बुडबुडा आला नाही. मग काडी लावली. तिन्ही बर्नरवर निळी ज्योत एका रेषेत पसरली, तशी अंगणात जमलेली माणसं "ओ" करून ओरडली. विटांचे तुकडे हळूहळू लाल झाले. भावोजींनी मासा ठेवला आणि झाकण ओढून घेतलं.

आधी शेगडीचे पाय घामेजल्यासारखे झाले. मग पेटीच्या तळातून काळे थेंब टपकायला लागले आणि झाकणाच्या कडांमधून पिवळट, जाड धूर निघाला, डोळ्यांत मिरची जावी तसा. आई खोकत मागे झाली. भावोजींनी झाकण उचललं तर धुराचा लोट उठला. "गॅस बंद कर! गॅस बंद कर!" कोणीतरी ओरडलं. सगळं निवल्यावर पान उघडलं. मासा आत उत्तम शिजला होता. मोऱ्यांनी रीत म्हणून एक तुकडा तोंडात घातला, चघळला आणि पाण्याचा तांब्या मागितला.

"काशिनाथ," ते म्हणाले, "मासा भाजलास की होडी?"

अंगण हसून लोळलं. मोरे मिशा पुसत निघून गेले. जाताना जागेबद्दल अवाक्षर काढलं नाही. भावोजी झाकण हातात धरून तसेच उभे होते.

आबांचा चेहरा लाल झाला होता. गावासमोर त्यांचं असं हसू कधी झालं नव्हतं. ते म्हणाले, "कासिनाथ, तू आगीवर काम केलेला मानूस. आगीजवल काय लावाचा ते तुना नाय ठावं?"

"आबा, मी ठान्याला गेलतो."

"आल्यावर डोले नव्हते?"

"होते. तुमी बोल्लाव चांगला झाला. तुमच्यावर मी काय बोलू? मी हितं जावय हाय, मालक नाय."

आबा चपला न घालता खाडीच्या बाजूला चालते झाले. मी ओट्याच्या खांबाला टेकून होतो. डांबर मी फासलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही. आणि मला आनंद झाला होता. डोळे चुरचुरत होते, घशात धूर होता आणि आत कुठेतरी गार, गोड वाटत होतं. आबा त्यांच्यावर ओरडले. आबा त्यांच्यावर ओरडले. मी हेच मनात घोळवत होतो.

ताईने मला मागच्या दारी गाठलं.

"भरला जीव तुजा?"

"मी मुद्दाम नाय केला, ताई."

"ठावं हाय मना. मुद्दाम केला असतास तर बरा होता, दोन फटके देऊन मोकली झाली असती." तिने पदर कमरेला खोचला. "पन तू हसत होतास. माजा घर जलत होता आनि तू हसत होतास."

मी हसत होतो हे मला माहीत नव्हतं. ते तिच्याकडून कळलं.

पुढचे काही दिवस आबा आणि भावोजी एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच पंगतीत बसून दोघे आईला सांगायचे, "त्यांना भात वाढा," "त्याला विचार पानी हवा का." मला ते दिवस सोन्याचे वाटायला हवे होते. पण आबा माझ्याशीही बोलत नव्हते. मग एका सकाळी भावोजींनी कुठूनतरी ब्लो-लॅम्प आणला आणि मला दारातून हाक मारली.

"मेवनं, उठा. तुमचा डांबर, तुमीच खरवडा."

त्यांनी ज्योतीने डांबर मऊ करायचं आणि मी पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचं. हात सोलले. मी "चुकलं" म्हणालो नाही आणि त्यांनी वाट पाहिली नाही. ते फक्त टोमणे मारत होते. "जोर लावा. कालेजात भात देत नाय काय?" संध्याकाळी आबा कामावरून आले. हातात दुधाची जुनी किटली होती. ती त्यांनी भावोजींच्या समोर ठेवली.

"बॉयलरच्या चिमनीला लावतात तो रंग हाय. चंदेरी. कितीबी तापला तरी सुटत नाय."

भावोजींनी झाकण काढून आत पाहिलं. "चिमनीला चालतो तर जिताड्याला पन चालल."

आबा आधी गालात हसले, मग मोठ्याने. मग भावोजीही. मी मधोमध बसलो होतो, कोपरापर्यंत काळा, आणि दोघांचं हसणं माझ्या डोक्यावरून जात होतं. ते भांडले ते एकमेकांशी आणि जुळलं तेही एकमेकांशी. माझ्यावर कोणी धड रागावलंसुद्धा नाही.

मोऱ्यांनी जागा दिली नाही ती नाहीच. भावोजींनी महाप्याच्या रस्त्यावर, बसथांब्याच्या पलीकडे एक कोपरा धरला आणि चंदेरी शेगडी तिथे उभी केली. पहिले दिवस फार वाईट गेले. मोऱ्यांनी "होडी भाजणारा" हे नाव सगळीकडे पोचवलं होतं. ताई भाकऱ्या थापायची आणि संध्याकाळी त्यातल्या निम्म्या घरी परत आणायची. फाटकाजवळची सावली आणि रोजचं ठरलेलं गिऱ्हाईक मिळालं असतं तर तिची ती वर्षं वेगळी गेली असती, हे मी विसरू शकत नाही. हळूहळू कामगार यायला लागले. तिकडेच त्यांनी एक खोली घेतली. सामान म्हणजे दोन ट्रंका आणि एक पाटा. ताई निघाली तेव्हा आई रडली. मी ट्रंक उचलायला धावलो, इतका धावलो की आई म्हणाली, "जरा दमानं."

आता आबा माझे होते. संध्याकाळी ते ओट्यावर बसत, मी शेजारी बसे. त्यांच्याकडे मला सांगण्यासारखं काही नव्हतं आणि माझ्याकडे त्यांना विचारण्यासारखं काही नव्हतं. मी एकदा मुद्दाम सायकलची चेन उतरवून ठेवली. त्यांनी ती एका हाताने चढवली आणि हात धुतले. रविवारी ते जेवून बाहेर पडायचे आणि दिवेलागणीनंतर यायचे. "कुठं जातात?" मी आईला विचारलं. "कुठं जातील? शेगडीकडं," ती म्हणाली.

एका रविवारी मी मागोमाग गेलो. बसथांब्याच्या अलीकडे उभा राहून पाहिलं. भावोजी बोंबील उलटत होते. आबा शेजारच्या फळीवर बसले होते, पानावर भाकरी आणि मासा घेऊन. दोघं एक शब्दही बोलत नव्हते. आबांना मी इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं. ताई आतून डोकावली आणि तिने मला पाहिलं. मग आबांनी पाहिलं. फळीवर थोडे सरकले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात ठेवला.

"बस."

मी म्हणालो, "आईनं बोलावलंय. लगेच या म्हणाली."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. ताईने पाहिलं. आबांनी पानावरचा शेवटचा तुकडा संपवला, हात धुतले आणि उठले. सगळी वाट आम्ही चालत आलो. आईला काय झालं, कशाला बोलावलं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. उजवीकडे मिठागराच्या बांधावर बगळे उतरत होते. मी मनात उत्तरं जुळवत होतो.

आई चुलीपुढे होती. आम्हाला पाहून दचकली. "आज एवढ्या लवकर?"

मी आबांकडे पाहिलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी सदरा काढून खुंटीला अडकवला, पाट ओढला आणि भिंतीला टेकून बसले.

"भूक लागली," ते म्हणाले. "आमा दोघांना वाढ."

आईने वाढलं. आबा सावकाश जेवले. भाकरी संपल्यावर त्यांनी ताट पुढे केलं आणि आणखी एक मागून घेतली.